पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं सुरू

सरांना माणसांशी अरे-तुरे आणि हृदयांशी अहो-जाहो करायची सवय होती. मी त्यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले त्या सकाळी ते पाठमोरे उभे होते. वळूनही न बघता म्हणाले, "या, या. बसा. दमला असाल." मला बरं वाटलं. सुरतेच्या पार टोकाच्या डिंडोलीहून दोन रिक्षा बदलून आले होते, दमले होतेच. मी स्टुलावर बसले. मग सर वळले, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू काहून बसली? मी यांना म्हटलं." त्यांच्या समोर काचेच्या नळीला सशाचं एवढंसं हृदय टांगलेलं होतं आणि ते कुणाच्याही छातीत नसताना आपलं आपण धडधडत होतं.

मी उठून उभी राहिले. पहिल्याच दिवशी नोकरी सोडावी की काय, असं मनात आलं, हे कबूल करते.

सर मूळचे अमरावतीकडचे. सुरतेतल्या एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. बायको तिकडेच शाळेत मुख्याध्यापिका, म्हणून हे इकडे क्वार्टरमध्ये एकटे. वीस वर्षं गुजरातेत काढूनही त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड हललं नव्हतं. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, दोन्ही कानांमागे दोन पेन्सिली, आणि वर्षानुवर्षं तोच राखाडी सफारी. मटणावर जीव असलेला हा माणूस, पण प्रयोगाच्या दिवशी मांसाहार करायचा नाही, हा त्यांचा नेम होता. आणि प्रयोग तर आठवड्यातून पाच दिवस. "शनिवार-रविवारी जीव जगवून घेतो बाप्पा," म्हणायचे.

काम काय चालायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सशाला भूल देऊन त्याचं हृदय काढायचं आणि नळीला लावायचं. वरून प्राणवायू मिसळलेलं कोमट क्षारांचं पाणी सोडलं की ते तासन्‌तास चालतं. त्या पाण्याच्या नळीला एक चिमटा असे. चिमटा अर्धा तास लावून ठेवला की हृदय उपाशी पडतं, आणि नंतर सोडला तरी त्याचा बराच भाग मेलेला असतो. पण त्या अर्ध्या तासाआधी पाच मिनिटं चिमटा लावला, पाच मिनिटं सोडला, असं दोनदा केलं, तर तेच हृदय पुढचा अर्धा तास पुष्कळ बरा सोसतं. आधी थोडं उपाशी राहिलेलं हृदय मोठ्या उपासाला तयार होतं. हे काही सरांनी शोधलं नव्हतं. परदेशातल्या लोकांनी ते आधीच पाहिलं होतं. सरांचा प्रश्न पुढचा होता. हृदय हे करतं कसं?

त्यासाठी त्यांनी एक वेडगळ वाटावा असा प्रयोग मांडला होता. पाच-पाच मिनिटांचा चिमटा सोसलेल्या हृदयातून जे पाणी थेंब थेंब बाहेर पडायचं, ते बाटलीत धरायचं, आणि ज्या हृदयानं काहीच सोसलेलं नाही, अशा दुसऱ्या हृदयाला पाजायचं. मग या दुसऱ्याला सरळ अर्धा तास उपाशी ठेवायचं. "पहिले पाहुणे दुसऱ्यांना काही सांगून राहिले का, ते पाहायचं आहे," सर म्हणायचे. त्या बाटल्यांवर मी चिठ्ठ्या लावायची. सर त्या बाटल्यांना 'निरोप' म्हणत. "निरोप नंबर चार आण." "निरोप सांडशील तर याद राख."

दहा प्रयोगांतला एखादाच मोजण्याजोगा निघायचा, पण निरोप पोहोचत होता, असं दिसत होतं. सातव्या-आठव्या हृदयापर्यंत माझा तर धीर सुटला होता. मी म्हटलं, सर, आता लिहून पाठवा की कुठेतरी. सर एकदम कडाडले. "वीस झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकोणीस झाले तरी नाही. समजलं?"

मला समजलं नव्हतं. ते पुढे येईलच.

पाच मिनिटांचं खूळ त्यांनी आयुष्यभर लावून घेतलं होतं. चहा पाच मिनिटं. बायकोला फोन पाच मिनिटं, मग ठेवायचा, आणि पाच मिनिटांनी परत लावायचा. रागावणंसुद्धा तसंच. माझ्या हातून एकदा महागडी काचेची नळी फुटली, तर त्यांनी घड्याळ लावून पाच मिनिटं मला झाडलं, मग थांबून आमच्या शिपायाला, मगनकाकाला, पाणी आणायला सांगितलं, मला पाजलं, आणि पाच मिनिटं पुरी झाल्यावर राहिलेलं बोलले. दुसऱ्या खेपेला काय बोलले ते मला जवळजवळ लागलंच नाही. मी तसं सांगितल्यावर खूश होऊन म्हणाले, "पाहिलं? झालं ना तयार!"

विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तर ते दरबारच भरवायचे. बाहेरून येणारे परीक्षक तेव्हा भलतेच खडूस असत. पोरं-पोरी त्यांच्यासमोर रडत. म्हणून सर एकेकाला समोर उभं करून पाच मिनिटं असा अपमान करत की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. "तुझ्या बापानं तुला इथं पाठवण्याऐवजी म्हशी पाळल्या असत्या तर दूध तरी मिळालं असतं." मग पोरगं बाहेर, पाच मिनिटं मोकळं, आणि पुन्हा आत. एका वर्षी एक मुलगी तिथेच घेरी येऊन पडली. सर इतके घाबरले की तिला उचलायला ते आणि मगनकाका एकाच वेळी वाकले आणि दोघांची डोकी आपटली. पण दुसऱ्या दिवशी त्या तुकडीतलं कुणी रडलं नाही, ही गोष्टही खरी. ती मुलगी सगळ्यांत चांगली बोलली.

आता घरचं. अण्णा म्हणजे माझे वडील आमच्या धुळ्याकडच्या गावातून तरुणपणीच सुरतेला आले. आधी काही वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात होते, मग पॉवरलूमवर. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे आठ माग. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती. शिक्षणाबद्दल बोलायचे नाहीत, पण मला कॉलेजात पाठवलं त्यांनीच. मी संध्याकाळी घरी आले की माझी पर्स उचलून आत नेऊन ठेवायचे. हे काम त्यांनी कुणालाही करू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात अण्णा सकाळी कारखान्याकडे चालत जाताना वाटेतल्या पानाच्या टपरीवर टेकायला लागले. छातीत गच्च होतं म्हणायचे. थोडं बसले की जायचं, मग दिवसभर काही नाही. आम्ही सगळे म्हणायचो गॅस. माय ओवा द्यायची. मी हृदयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई, मीसुद्धा गॅसच म्हणत होते.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर अण्णांनी विचारलं, "तुना सर काय करस तठे दिवसभर? गल्लीमा लोक इचारतस माले."

मी अगदी रंगून सांगितलं. नळी, चिमटा, पाच मिनिटं, निरोप, सगळं. अण्णा हातातली सुपारी कातरायची थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हनजे पहिलांदा दुखस, मंग बसी ऱ्हायनं का जास, आनी नंतर दुखस नई. तसंच का?"

"हो, तसंच," मी म्हणाले. "थोडं थोडं दुखलेलं हृदय मोठा झटका सोसतं. लहान दुखणं एका परीनं चांगलंच."

एवढंच. माझ्या आयुष्यातले सगळ्यात महाग दहा-बारा शब्द. अण्णांनी मान डोलावली आणि पुन्हा सुपारी कातरायला घेतली. त्या दिवशी ते फार खुशीत होते. मला वाटलं, लेकीचं काम त्यांना आवडलं.

महिन्याभरानं शेजारची एक बाई मला नळावर म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या क्लासला आमच्या घरचे पण जातात बरं का आता." मी म्हटलं, कसला क्लास? ती म्हणाली, पुलाचा.

आमच्या बाजूला रेल्वे ओलांडायला पायऱ्यांचा पूल होता. अण्णा रोज पहाटे उठून तिकडे जात होते. दुखेपर्यंत पायऱ्या चढायच्या. दुखलं की तिथेच कठड्याला धरून पाच मिनिटं उभं राहायचं. मग उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मनगटावर घड्याळ होतंच. आणखी दोन-तीन मागवाले त्यांच्यासोबत जायला लागले होते. मेडिकल कॉलेजची रीत आहे, असं अण्णांनी त्यांना सांगितलं होतं.

त्या दिवशी मी सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्यासमोर तेरावं हृदय चालू होतं आणि चिमटा लावलेला होता. मला आतून भीती होती की ते हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे खूश होतील. घड्याळाचा काटा अर्ध्या तासाच्या पुढे गेला, चिमटा तसाच राहिला. मी म्हटलं, "सर, वेळ झाली." ते म्हणाले, "राहू दे त्याला. किती वाजता जातो तुझा बाप पुलावर?" हृदयाला अरे-तुरे करताना मी त्यांना त्याच एका वेळी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सर स्कूटरवरून डिंडोलीला हजर. अण्णा आणि त्यांची मंडळी पुलाच्या पायथ्याशी उभी होती. कॉलेजचे मोठे डॉक्टर स्वतः आले म्हणून अण्णांना कोण आनंद. त्यांनी हात जोडले आणि सरळ हिशेबच मांडला. "सायेब, पहिला फेरामा एकवीस पायरी व्हतस, मंग दुखस. पाच मिनिट थांबस. दुसरा फेरामा पूर्ना पूल चढी जास, दुखस नई. रोज तसंच. तुम्हनं बराबर शे."

मी सरांकडे बघत होते. वर्षानुवर्षं सशांच्या हृदयात जे शोधत होते, ते एक जिताजागता माणूस समोर उभा राहून आकड्यांसकट सांगत होता. सरांचा हात गळ्यातल्या घड्याळाकडे गेला. दुसऱ्या हातानं कानामागची पेन्सिल काढली. मला इतका राग आला की मी एक पाऊल पुढे टाकलं. मग सरांनी पेन्सिल खिशात घातली, घड्याळ गळ्यातून काढून तेही खिशात घातलं, आणि पायरीवर बसले.

"भाऊ, बस इथं," ते अण्णांना म्हणाले. "तू चढू नको. माझा ससा तरणाताठा असते. त्याच्या नळ्या स्वच्छ असतात. त्याला काही झालेलं नसते. चिमटा मी लावतो आणि मीच सोडतो. तुझ्या छातीत चिमटा आहे, पण तो कोणाच्या हातात आहे, सांग बरं?"

अण्णा गोंधळले. "पन सायेब, हाई तं सांगं का..." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच सांगितलं होतं," सर पटकन म्हणाले. "हिच्या हाती निरोप मीच पाठवला. चुकलं माझं. अर्धीच गोष्ट सांगितली."

मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

बाकीची मंडळी पांगली. अण्णा मात्र ऐकेनात. त्यांना बरं वाटत होतं ना! बरं वाटत असताना दवाखान्यात कोण जातं? शेवटी सर म्हणाले, ठीक आहे, दवाखान्यात नको, माझ्या खोलीत तर ये. चहा पाजतो.

त्याच दुपारी अण्णा एका पाळीची सुट्टी टाकून प्रयोगशाळेत आले. सरांनी त्यांच्यासमोर दोन काचेच्या बशा ठेवल्या. प्रयोग संपला की आम्ही हृदयाच्या चकत्या करून एका द्रावणात ठेवायचो. जिवंत भाग विटकरी लाल होतो, मेलेला पांढुरका राहतो. उजव्या बशीत सरळ अर्धा तास उपाशी ठेवलेलं हृदय होतं, त्यात पांढरंच जास्त. डाव्या बशीत आधी पाच-पाच मिनिटं सोसलेलं, ते बरंचसं लाल. पाहुण्यांना दाखवताना सर नेहमी डावी बशी पुढे करून मिरवायचे.

अण्णांनी दोन्ही बशा खिडकीजवळ नेल्या. कारखान्यात कापडाचा रंग उजेडात धरून बघतात, तशा बघितल्या. उजवी बशी खाली ठेवली. डावीतल्या चकतीच्या कडेला बोट दाखवून म्हणाले, "आनी हाई?"

"तेवढा भाग मेला," सर म्हणाले.

"हाई तं वाचेल शे ना?"

"वाचलेलंच आहे, भाऊ. यापेक्षा चांगलं वाचलेलं माझ्याजवळ नाही. तरी एवढं गेलं."

अण्णा कितीतरी वेळ त्या पांढऱ्या कडेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आते हाऊ रंग धरस नई. कितला बी बुडाडा." रंगाच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. जे कापड एकदा रंग सोडून बसतं त्याला पुन्हा काही करता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बशी जागेवर ठेवली, चहा पूर्ण प्यायला आणि विचारलं, "दवाखानामा कव्हय जावानं?"

दुसऱ्याच दिवशी सरांनी त्यांना सोबत नेऊन दाखल केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातच अण्णांना झटका आला. मोठा होता. डॉक्टर तिथेच होते म्हणून वाचले. हेच पुलावर झालं असतं तर, असं म्हणून त्या डॉक्टरांनी पुढचं वाक्य पुरं केलं नाही. पण हृदयाचा काही भाग गेला तो गेलाच, आणि आठ मागांमध्ये बारा तास फिरण्याचं काम कायमचं सुटलं.

पंधरा-वीस दिवस अण्णा वॉर्डात होते. सर रोज चारला यायचे. आल्या आल्या मला म्हणायचे, "जा, चहा घेऊन ये." मी चहा घेऊन येईपर्यंत ते निघालेले असत. पाचच मिनिटं. मला वाटायचं, पायऱ्यांबद्दल विचारत असतील. संशोधकाची खोड, दुसरं काय.

मग गावाहून माझे काका आले. चांगला चालताबोलता भाऊ, पूल चढत होता म्हणे, आणि दवाखान्यात नेल्यावर अंथरुणाला खिळला. गल्लीत चौकशी केली तर लोकांनी सांगितलं, कॉलेजच्या डॉक्टरनं पायऱ्या चढायला लावलं होतं. काकांनी सरळ कॉलेजात अर्ज दिला. माणसांवर परवानगीशिवाय प्रयोग केले, असं त्यात कुणीतरी लिहून दिलं होतं.

सरांनी लेखी उत्तर दिलं. एका ओळीचं. होय, मी सांगितलं होतं.

मलाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी सर बाटल्या धूत होते. ते काम माझं, पण त्या दिवशी ते स्वतः धूत होते. म्हणाले, "उद्या डीन विचारतील. हो म्हणायचं."

"पण सर, तुम्ही तर..."

"तुझा कागद अकरा महिन्यांचा आहे. माझा पेन्शनपर्यंतचा आहे. घरात आता कमावणारं कोण आहे ते मला माहीत आहे. मला काय करतील? फार तर ससे बंद करतील."

दुसऱ्या दिवशी डीनसाहेबांनी विचारलं, "सरांनी तुमच्या वडिलांना पायऱ्या चढायला सांगितलं होतं का?"

मी "हो" म्हणाले. आवाजही कापला नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं होतं की मी रडेन, पण मला नुसतं हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

ससे बंद झाले. मगनकाका पिंजरे घेऊन गेले त्या दिवशी सर वर्गावर होते. प्रयोग तेरावर थांबला. तेरावं तर मोजण्यातलंच नव्हतं, त्याचा चिमटा वेळेवर सुटला नव्हता. निरोपाच्या बाटल्या फडताळात रिकाम्या पडून राहिल्या. पुढची तीन वर्षं सर फक्त शिकवत होते. तेच पाढे, त्याच शिव्या, तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीचा तोच दरबार. मला एका अक्षरानं काही म्हणाले नाहीत.

एकदा मी धीर करून त्यांच्या खोलीत गेले. "सर, मला तुमच्याशी बोलायचं आहे." त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं. "पाच मिनिटं. बोल." मी टेबलाची कड धरून नुसती उभी राहिले. घड्याळ चालू होतं, सर खिडकीबाहेर बघत होते. मग बटण पुन्हा वाजलं. "झाले," ते म्हणाले. "जा, काम कर."

घरी अण्णा मायसोबत बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायला लागले होते. बायकांचं काम म्हणून सुरुवातीला लाजायचे, मग त्यात इतके तरबेज झाले की माय मागे पडली. पण कुणीही तब्येत विचारायला आलं की त्यांचं एक ठरलेलं असायचं. माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणायचे, "हिना सायेबनी माले चढाडं. त्यानीच वाटोळं करं." वर दोन शिव्या. मी घरात असले तर हमखास. मला ते ऐकवायचं नाही. पण एक सांगते, त्यानं मला आतून बरंही वाटायचं. अण्णांच्या लेखी मी फक्त निरोप आणणारी होते. चूक पाठवणाऱ्याची होती.

सर निवृत्त होऊन अमरावतीला गेले. जाताना निरोप-समारंभ नको म्हणाले. वर्षभरानं एका सकाळी मगनकाका दारातच थांबून मला म्हणाले, "बेन, साहेब गुजरी गया. दस दिवस थया." झोपेतच गेले होते. काय झालं होतं ते मगनकाकांना ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

मी त्या दिवशी लवकर घरी आले. अण्णांच्या मांडीवर आकाशी रंगाची साडी पसरलेली होती. मी सांगितलं, सर गेले. मला वाटलं, आता तरी शिव्या देणार नाहीत.

अण्णांनी टिकल्यांची डबी बंद केली. डिंकाचं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "आते सांगाले हरकत नई. सायेब वार्डमा रोज येये ना, तो रोज एकच बोले माले. 'भाऊ, पोरीचं नाव घेऊ नको. कोणी विचारलं तर माझं घे. आणि ती घरात असली की मोठ्यानं घे, तिच्या कानावर पडू दे. नाहीतर ती पोरगी जन्मभर स्वतःला खात राहील.' मी हो बोलनू. मंग माले शिव्या देनं पडं."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? सरांनी सांगितलं नव्हतं ते?"

"तो कव्हय भेटेल व्हता माले?" अण्णा म्हणाले. "आनी कोना डागतरना सांगावर मी पूल चढनार मानूस शे का? तू सांगं, म्हनीसन चढनू. मनी पोर शिकेल शे, बराबरच सांगी." त्यांचे डोळे भरून आले. "इतला वरीस त्या मानूसले शिव्या दिन्यात मी. भला मानूस व्हता माय."

त्यांनी पुन्हा डबी उघडली, पण टिकली चिकटवली नाही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून रडले. सर गेले म्हणून रडले असं म्हणायला मला आवडलं असतं. मी रडले ती शरमेनं. दोन माणसांनी मिळून वर्षानुवर्षं मला वाचवलं होतं. त्यातल्या एकानं आपलं काम तेराव्यावर सोडलं आणि दुसऱ्यानं काळजावर दगड ठेवून त्याला शिव्या घातल्या. आणि मी त्या आडोशाला आरामात बसून राहिले होते.

काका गेले. डीनसाहेबही आता नाहीत. अण्णाही दोन वर्षांपूर्वी गेले. ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्यातलं कुणी राहिलेलं नाही. कॉलेजच्या कुठल्यातरी फायलीत सरांची ती एक ओळ आणि खाली माझा "हो" अजून असेल. म्हणून हे लिहिलं. सरांनी अण्णांना काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.